स्टॉपप्रोपगेशन लावताना आपण नेमकं काय थांबवतो?

सह्यकडा

फ्रंटएंडचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड तपासताना एक ओळ हमखास दिसते. क्लिकच्या हँडलरमध्ये (क्लिक झाला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पहिल्याच ओळीला स्टॉपप्रोपगेशन, म्हणजे 'हा क्लिक इथून पुढे जाऊ देऊ नकोस'. का लावलंय विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वरच्या डिव्हचा क्लिकपण चालत होता, म्हणून थांबवला." (डिव्ह म्हणजे पानावरचा कप्पा, 'वरचा' म्हणजे बटण ज्याच्या आत आहे तो.) बग बंद होतो, कोड मर्ज होतो. मग काही आठवड्यांनी भलत्याच मेनूचा बग उघडतो आणि त्याचा या ओळीशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. म्हणून हा धागा.

नेहमीचंच उदाहरण घेऊ. ऑर्डरची यादी आहे. ओळीवर कुठेही क्लिक केलं की त्या ऑर्डरचा तपशील उघडतो. ओळीच्या उजव्या टोकाला तीन ठिपक्यांचं बटण, त्यावर क्लिक केलं की 'पावती', 'रद्द करा' वगैरे मेनू. ठिपके ओळीच्या आत आहेत, त्यामुळे ठिपक्यांवर क्लिक केलं की मेनूही उघडतो आणि तपशीलही. इथे बहुतेक जण ठिपक्यांच्या हँडलरमध्ये स्टॉपप्रोपगेशन टाकतात आणि पुढच्या कामाला लागतात.

आता त्याच पानावर वर हेडरमध्ये सूचनांची घंटा आहे. घंटा दाबली की खाली पॅनेल उघडतं, आणि पॅनेलच्या बाहेर कुठेही क्लिक केलं की बंद होतं. हे 'बाहेर क्लिक' कळण्यासाठी घंटेवाल्याने डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर, लिसनर (क्लिक ऐकणारं फंक्शन) लावलाय, कारण पानावरचा प्रत्येक क्लिक शेवटी तिथे पोचतो अशी त्याची समजूत आहे आणि ती रास्तच आहे. वापरणाऱ्याने घंटा उघडली, मग तीन ठिपके दाबले. क्लिक ठिपक्यांपाशीच संपला. डॉक्युमेंटला पत्ताच नाही. घंटेचं पॅनेल उघडंच, त्याच्याखाली ठिपक्यांचा मेनूही उघडा. आणखी गंमत म्हणजे एका ओळीचे ठिपके दाबून मग दुसऱ्या ओळीचे दाबले तर दोन्ही मेनू उघडे राहतात, कारण पहिला मेनूही बाहेरच्या क्लिकचीच वाट बघत बसलेला असतो. बग घंटेच्या नावावर नोंदवला जातो. घंटेवाला स्वतःचा कोड उलटापालटा करून बघतो, त्यात खोट काहीच नसते.

ब्राउझर काय करतो ते थोडक्यात. क्लिक झाल्याबरोबर तो आधी रस्ता ठरवतो: विंडो, डॉक्युमेंट, एचटीएमएल, बॉडी, मधले सगळे पालक (बाहेरचे कप्पे) आणि शेवटी ज्यावर क्लिक झाला ते एलिमेंट (घटक), म्हणजे टार्गेट. मग इव्हेंट, म्हणजे क्लिक झाल्याची सूचना, या रस्त्याने वरून खाली येतो, ही कॅप्चर फेज. टार्गेटला पोचतो. मग त्याच रस्त्याने खालून वर जातो, ही बबल फेज. आपण ॲडइव्हेंटलिसनरने साधा लिसनर लावतो तो या परतीच्या वाटेवर चालतो. स्टॉपप्रोपगेशन ही वाट त्या ठिकाणी बंद करतं. कुणासाठी बंद करायची, हे त्याला सांगताच येत नाही. जिन्याला मधल्या मजल्यावर कुलूप लावलं की नको असलेला माणूस अडतो हे खरं, पण दूधवाला, पेपरवाला आणि कुरिअरवालाही अडतो.

त्यामुळे माझं म्हणणं असं की 'हा क्लिक माझा नाही' हे ठरवण्याची जबाबदारी वरच्याची आहे. ओळीच्या हँडलरने आधी विचारावं: हा क्लिक माझ्या आतल्या एखाद्या बटणातून, लिंकमधून किंवा इनपुटमधून आला का? इव्हेंटच्या टार्गेटवर क्लोजेस्ट (तिथून वर जात हवा तो घटक शोधणारं फंक्शन) लावलं की एका ओळीत कळतं. आला असेल तर ओळीने गप्प बसावं. इव्हेंट मात्र वर जाऊ द्यावा. घंटेला कळतं, दुसऱ्या मेनूला कळतं, क्लिक मोजणाऱ्या ॲनालिटिक्सच्या स्क्रिप्टलाही कळतं. ही शेवटची गोष्ट लक्षात यायला फार वेळ लागतो, कारण तिथे पडद्यावर काहीच बिघडत नाही. नेमक्या त्याच बटणाचे आकडे कमी येतात आणि 'हे बटण कुणी वापरत नाही' म्हणून पुढच्या आवृत्तीत ते काढून टाकण्याची चर्चा सुरू होते.

तुमच्याकडे हे कसं हाताळता? वेबच नव्हे, मोबाइल आणि डेस्कटॉपवाल्यांनीही लिहा.

---

पाटीपेन्सिल

रुमाल टाकून ठेवते, संध्याकाळी सविस्तर.

---

नवशिका_पुणे

चांगला विषय. मी गेल्या वर्षापासून या क्षेत्रात आहे. आम्हाला क्लासमध्ये सांगितलं होतं की हँडलरच्या शेवटी रिटर्न फॉल्स लिहायचं म्हणजे सगळं थांबतं. मग प्रिव्हेंटडिफॉल्ट, स्टॉपप्रोपगेशन आणि स्टॉपइमिजिएटप्रोपगेशन असे तीन प्रकार कशाला? जरा विस्कटून सांगाल का?

---

सह्यकडा

@नवशिका_पुणे, रिटर्न फॉल्सचा अर्थ तुम्ही ते कुठे लिहिता त्यावर ठरतो, म्हणून आधी तिघांचं बघू.

प्रिव्हेंटडिफॉल्ट म्हणजे ब्राउझरने स्वतःहून जे केलं असतं ते करू नकोस. लिंक उघडू नकोस, फॉर्म पाठवू नकोस, चेकबॉक्सवर खूण करू नकोस. इव्हेंट वर जातच राहतो.

स्टॉपप्रोपगेशन म्हणजे पुढच्या एलिमेंटकडे जाऊ नकोस. पण त्याच एलिमेंटवर आणखी लिसनर असतील तर ते चालतात. तेही नको असतील तर स्टॉपइमिजिएटप्रोपगेशन.

आता हे करून बघा. एका लिंकच्या आत स्पॅन (मजकुराचा तुकडा) ठेवा आणि स्पॅनच्या क्लिकमध्ये फक्त स्टॉपप्रोपगेशन लिहा. क्लिक केल्यावर लिंक उघडेल की नाही? उघडते. इव्हेंट लिंकपर्यंत पोचला नाही, तरी उघडते. कारण कुठल्या एलिमेंटची मूळ क्रिया करायची हे ब्राउझर रस्ता आखतानाच ठरवतो आणि सगळे लिसनर संपल्यावर ती करतो. ती रोखायला प्रिव्हेंटडिफॉल्टच लागतं. हा प्रयोग हाताने केला की दोघांतला घोळ कायमचा सुटतो.

रिटर्न फॉल्सचं असं: जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या हँडलरमध्ये लिहिलं तर प्रिव्हेंटडिफॉल्ट आणि स्टॉपप्रोपगेशन दोन्ही होतात. एचटीएमएलमध्ये ऑनक्लिकला लिहिलं तर फक्त मूळ क्रिया थांबते. ॲडइव्हेंटलिसनरने लावलेल्या फंक्शनमध्ये लिहिलं तर काहीही होत नाही. रिॲक्ट या लायब्ररीतही काही होत नाही. क्लासमध्ये जेक्वेरी शिकवत असतील म्हणून 'सगळं थांबतं' असं सांगितलं असणार. ज्याला लिंक उघडू द्यायची नाही एवढंच हवं असतं, तो रिटर्न फॉल्सने नकळत वरची वाटही बंद करतो. जुन्या जेक्वेरी कोडमधल्या 'मेनू बंद होत नाही' प्रकारच्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथे असतं.

---

मधलाकंस

लेख पटला, पण पूर्ण नाही. दुसरी बाजू मांडतो.

मी आकृत्या काढायच्या एडिटरवर काम करतो. आमचा एडिटर दुसऱ्यांच्या पानांत बसतो. ती पानं कुणी लिहिली, त्यांनी डॉक्युमेंटवर काय काय लावलंय, यावर आमचा काहीही ताबा नाही. एडिटरमध्ये आकृती निवडून डिलीट दाबलं की आकृती जायला हवी. यजमान पानावर डिलीटचा शॉर्टकट 'निवडलेली फाइल काढा' असा असेल तर? त्या पानवाल्याने क्लोजेस्ट लावून तपासायला हवं होतं हे तत्त्व म्हणून ठीक, पण फाइल उडाल्यावर ग्राहक ओरडतो तो आमच्यावर. तिथे मी कीडाउन (कळ दाबल्याचा इव्हेंट) एडिटरच्या सगळ्यात बाहेरच्या एलिमेंटवर थांबवतोच आणि तेच योग्य आहे असं मला वाटतं.

स्टॉपप्रोपगेशन वाईट नाही. ते कुठल्या सीमेवर लावायचं याचा विचार हवा. बटणाबटणावर पेरलेलं वाईट. एखाद्या स्वयंपूर्ण भागाच्या काठावर, निवडक इव्हेंटपुरतं, जाणूनबुजून लावलेलं चालतं. आम्ही एडिटरने खरोखर वापरलेल्या कळाच थांबवतो. टॅब, एस्केप, कंट्रोल-एस यातलं आम्ही न वापरलेलं सगळं वर जातं.

---

सह्यकडा

@मधलाकंस, सहमत. 'आम्ही खरोखर वापरलेल्या कळाच' ही अट महत्त्वाची. सरसकट कीडाउन थांबवणारे एडिटर पाहिलेत, त्यांच्यात शिरलं की पानाचा एकही शॉर्टकट चालत नाही.

एक भर घालतो. 'बाहेर क्लिक' ऐकणाऱ्यानेही स्वतःची काळजी घ्यावी. डॉक्युमेंटवरचा लिसनर कॅप्चर फेजमध्ये लावला तर तो खाली जाताना चालतो, खाली कुणी वाट अडवायच्या आधीच. बरेच जण क्लिकऐवजी पॉइंटरडाउन (बोट किंवा माउसचं बटण दाबताक्षणीचा इव्हेंट) ऐकतात, कारण स्टॉपप्रोपगेशन त्या एका इव्हेंटपुरतं असतं. क्लिक थांबवणाऱ्याने पॉइंटरडाउन, माउसडाउन, माउसअप थांबवलेले नसतात. आणि शक्य असेल तिथे हे काम ब्राउझरवरच सोपवावं. पॉपओव्हर ॲट्रिब्यूट (पानावर तरंगणारी चौकट करायची एचटीएमएलची सोय) २०२४ पर्यंत क्रोम, सफारी, फायरफॉक्स तिन्हींत आलं. ऑटो प्रकारच्या पॉपओव्हरला बाहेर क्लिक झाल्याचं ब्राउझरला स्वतःलाच कळतं, पानातल्या स्टॉपप्रोपगेशनचा त्यावर परिणाम होत नाही. वरच्या उदाहरणातली घंटा आणि ठिपके दोन्ही पॉपओव्हर असते तर एक उघडताना दुसरा आपोआप मिटला असता.

---

वरचामजला

जाता वर, येता खाली अशा दोन दिशा का, हा प्रश्न अनेकांना पडतो. कारण १९९७ साली नेटस्केप ४ मध्ये इव्हेंट वरून खाली यायचा आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये खालून वर जायचा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने नोव्हेंबर २००० मध्ये डॉम (पानावरच्या एलिमेंटचं झाड) लेव्हल २ इव्हेंट्सचं मानक काढलं, त्यात दोन्ही घेतले आणि ॲडइव्हेंटलिसनरच्या तिसऱ्या पॅरामीटरने निवड करायची सोय दिली. इंटरनेट एक्सप्लोररला मात्र ॲडइव्हेंटलिसनर यायला नववी आवृत्ती, म्हणजे २०११ उजाडलं. तोवर त्यात वाट थांबवायला कॅन्सलबबलला ट्रू द्यावं लागायचं. ते कॅन्सलबबल आजच्या मानकातही जुन्या पानांसाठी ठेवलेलं आहे.

---

पाटीपेन्सिल

आले. रिॲक्टवाल्यांसाठी लिहिते, कारण तिथे हाच प्रश्न जास्त गुंततो.

रिॲक्ट तुमच्या बटणावर लिसनर लावतच नाही. आवृत्ती १६ पर्यंत ते डॉक्युमेंटवर लावायचं आणि तिथून स्वतःच्या हिशेबाने कंपोनंटच्या (ॲप ज्या तुकड्यांनी बनतं त्यांच्या) झाडात इव्हेंट फिरवायचं. म्हणजे तुमच्या ऑनक्लिकमधलं स्टॉपप्रोपगेशन चालायचं तेव्हा खरा इव्हेंट डॉक्युमेंटला पोचलेला असायचा. डॉक्युमेंटवर हाताने लावलेला दुसरा लिसनर चालायचाच. लोक गोंधळायचे, "थांबवलं तरी थांबत नाही."

ऑक्टोबर २०२० मध्ये १७ आलं आणि लिसनर डॉक्युमेंटऐवजी ॲप जिथे बसवलंय त्या रूट एलिमेंटवर गेले. एका पानावर रिॲक्टच्या दोन आवृत्त्या किंवा रिॲक्ट आणि जुनं जेक्वेरी शेजारी नांदावं म्हणून हा बदल केला, आणि तो चांगलाच आहे. पण परिणाम असा की आता स्टॉपप्रोपगेशन खरोखर थांबवतं. १६ वर वर्षानुवर्षं पेरलेल्या आणि आजवर निरुपद्रवी असलेल्या त्या ओळी १७ वर गेल्याबरोबर जाग्या झाल्या आणि डॉक्युमेंटवरचं 'बाहेर क्लिक' ठिकठिकाणी बंद पडलं. रिॲक्टने स्वतः सुचवलेला उपाय सह्यकडा यांनी वर लिहिलाय तोच: डॉक्युमेंटवरचा लिसनर कॅप्चरमध्ये लावा.

१८ मध्ये आणखी एक प्रकार दिसतो. बटण दाबलं, स्टेट (कंपोनंटची स्थिती) बदलली, मेनू आला, मेनूच्या यूजइफेक्टमध्ये (मेनू आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे इफेक्टमध्ये) डॉक्युमेंटवर 'बाहेर क्लिक'चा लिसनर लागला. १८ मध्ये क्लिकसारख्या इव्हेंटमुळे झालेले इफेक्ट लगेच चालवले जातात. त्यामुळे लिसनर लागतो तेव्हा तोच क्लिक अजून रूटवरून डॉक्युमेंटकडे जायचा असतो. तो पोचतो, नवा लिसनर चालतो, मेनू उघडल्याक्षणी बंद. वापरणाऱ्याला मेनू दिसतच नाही. यावरही लोक बटणात स्टॉपप्रोपगेशन टाकून मोकळे होतात. त्याऐवजी मेनू उघडणारं बटणही 'आतलं' धरा, म्हणजे बाहेर-आत तपासताना मेनू आणि बटण दोन्हींचे रेफ (त्यांच्या एलिमेंटचे संदर्भ) बघा. किंवा पॉइंटरडाउन ऐका, तो केव्हाच होऊन गेलेला असतो.

आणि पोर्टल! कार्डच्या आतून मोडल (पानावर उघडणारी चौकट) पोर्टलने, म्हणजे डॉममध्ये दुसरीकडे ठेवायच्या सोयीने, बॉडीला टांगला. डॉममध्ये मोडल कार्डच्या बाहेर आहे. पण रिॲक्ट इव्हेंट फिरवतं ते कंपोनंटच्या झाडाप्रमाणे, डॉमप्रमाणे नाही. मोडलमधलं 'ठीक आहे' दाबलं की कार्डाचा ऑनक्लिक चालतो आणि मागे पान बदलतं. इथे कार्डाच्या हँडलरमध्ये करंटटार्गेटवर (ज्याचा हँडलर चालतोय त्या एलिमेंटवर) कंटेन्स लावून टार्गेट आपल्या आत आहे का ते विचारा. पोर्टलमधल्या मजकुराला ते फॉल्स देतं. त्याहून बरं म्हणजे मोडल क्लिकवाल्या भागाच्या आत न लिहिता शेजारी लिहा. मग प्रश्नच उरत नाही.

---

नवशिका_पुणे

कंटेन्सची युक्ती भारी आहे, लगेच वापरतो. वाचनखूण साठवली.

---

रानजाई

अँड्रॉइडकडून लिहिते. आमच्याकडे परिस्थिती बरीच वेगळी आहे.

अँड्रॉइडच्या जुन्या व्ह्यू पद्धतीत स्पर्श वरून खाली येतो आणि प्रत्येक व्ह्यूग्रुपला (आत इतर व्ह्यू असलेल्या पालकाला) आधी विचारलं जातं, ऑनइंटरसेप्टटचइव्हेंटमधून: तुला हा मधेच घ्यायचाय का? त्याने नाही म्हटलं तर मुलाकडे जातो. मुलाने ॲक्शन डाउनला (बोट टेकल्याच्या इव्हेंटला) ट्रू परत केलं तर पुढचे मूव्ह आणि अप त्याचे. फॉल्स दिलं तर त्या स्पर्शाचं पुढचं काहीच त्याला मिळत नाही. पण ट्रू देऊनही तो पूर्ण त्याचा होत नाही. प्रत्येक मूव्हला पालकाला पुन्हा विचारलं जातं आणि त्याने मधेच हात घातला तर मुलाला ॲक्शन कॅन्सल येतो.

नेहमीचं दुखणं म्हणजे उभ्या स्क्रोलव्ह्यूच्या आत नकाशा. बोटाने नकाशा वर सरकवायला जावं तर पानच सरकतं, कारण काही पिक्सेल उभी हालचाल झाली की स्क्रोलव्ह्यू स्पर्श हिसकावून घेतो. त्यासाठी नकाशाने स्पर्श सुरू होताच पालकावर रिक्वेस्टडिसअलाउइंटरसेप्टटचइव्हेंट ट्रू करून बोलवायचं. ही विनंती वरच्या सगळ्या पालकांपर्यंत जाते आणि फक्त त्या एका स्पर्शापुरती असते. पुढच्या ॲक्शन डाउनला पाटी कोरी. मला ही रचना आवडते. मूल कायमचं काही अडवत नाही, 'एवढा स्पर्श माझ्याकडे राहू द्या' असं सांगतं.

नवीन लोक कॅन्सल हाताळायचं विसरतात. मग बटणावर बोट ठेवून यादी सरकवली की बटण दाबलेल्या रंगातच अडकून राहतं. अप कधी आलाच नाही, कॅन्सल आला आणि त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

---

मधलाकंस

फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात तर थांबवणं हा प्रकारच नाही. पॉइंटरचे इव्हेंट हिट टेस्टमध्ये (बोटाखाली काय काय आहे त्या तपासणीत) सापडलेल्या सगळ्यांना मिळतात आणि हावभाव ओळखणारे सगळे एका आखाड्यात उतरतात, एकच जिंकतो. एकात एक दोन जेश्चरडिटेक्टर असतील आणि दोघांना टॅप हवा असेल तर आतला जिंकतो. वरच्या ऑर्डरच्या ओळीचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

विंडोजची डेस्कटॉप ॲप बनवायच्या डब्ल्यूपीएफमध्ये २००६ पासून दोन्ही वाटा आहेत, खाली येणारे प्रिव्ह्यू इव्हेंट आणि वर जाणारे साधे. तिथे 'थांबव' न म्हणता हँडल्डला ट्रू द्यायचं. साध्या लिसनरना मग तो इव्हेंट मिळत नाही, पण ज्याला हाताळलेलेही बघायचेत त्याने ॲडहँडलरच्या तिसऱ्या पॅरामीटरला ट्रू द्यायचं. काम झाल्याची खूण करणं आणि वाट बंद करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. वेबवर ही खूण नाही याची मला खरंच खंत वाटते. त्यातल्या त्यात डिफॉल्टप्रिव्हेंटेड तपासून काम भागतं. आतल्याने प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं, वरच्याने डिफॉल्टप्रिव्हेंटेड बघून सोडून दिलं. एकात एक दोन मोडल असताना एस्केपने फक्त आतला बंद व्हावा, यासाठी हे उत्तम. फक्त चेकबॉक्स आणि लिंकवर जपून, तिथे त्यांची मूळ क्रियाच जाईल.

---

कळफलक

या धाग्यात मराठी टंकनाचा मुद्दा यायलाच हवा, कारण आपल्याला तो रोज भोवतो.

चॅटच्या चौकटीत एंटर मारला की संदेश जातो. हँडलर साधा: कीडाउन, कळ एंटर असेल तर प्रिव्हेंटडिफॉल्ट, स्टॉपप्रोपगेशन आणि पाठव. रोमन अक्षरांत लिहिणाऱ्याला यात काहीच अडचण नाही. फोनेटिक टंकनात मात्र आपण रोमन अक्षरं दाबतो, खाली शब्दांची यादी येते आणि त्यातला शब्द पक्का करायला एंटर मारतो. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक अंगभूत आहे, म्हणजे असं लिहिणारे काही थोडे नाहीत. शब्द पक्का करायचा एंटर हँडलरने 'पाठव' म्हणून घेतला की अर्धवट संदेश समोरच्याला जातो. जपानी, चिनी, कोरियन लिहिणाऱ्यांना हाच त्रास होतो.

उपाय: हँडलरमध्ये पहिल्यांदा इझकंपोझिंग (शब्द अजून जुळतोय का ते सांगणारी खूण) तपासा. ते ट्रू असेल तर काहीही करू नका, ती कळ तुमची नाही. सफारीत कंपोझिशनएंड (शब्द पक्का झाल्याचा इव्हेंट) आधी येऊन मग कीडाउन येतो, तिथे इझकंपोझिंग फॉल्स दिसतं, म्हणून कीकोड २२९ (कळ टंकनसोयीकडे आहे याची खूण) आहे का तेही बघा. इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याला हा त्रास नाही, तिथे प्रत्येक कळ थेट अक्षर देते. त्यामुळे तपासणाऱ्याकडे इनस्क्रिप्ट असेल तर बग सापडतच नाही.

दुसरं, गमभनसारखी पानातच चालणारी टंकनसोय. ती कळ पकडून तिचं देवनागरी अक्षर करते. एखाद्या वरच्या एलिमेंटवर कुणी कॅप्चरमध्ये कीडाउन थांबवला तर कळ चौकटीच्या लिसनरपर्यंत पोचतच नाही आणि मराठीऐवजी रोमन उमटायला लागतं. मोडल 'फोकस बाहेर जाऊ नये' म्हणून सगळ्या कळा असे पकडून ठेवतात. मोडलला टॅबशी मतलब आहे ना? मग टॅबच बघा. बाकी कळांना हात लावायचं काय कारण?

---

पाटीपेन्सिल

@कळफलक, इझकंपोझिंगबद्दल धन्यवाद. हे आमच्या तपासणीच्या यादीत घालते आहे, फोनेटिकसकट.

---

नवशिका_पुणे

माझी सध्याची अडचण विचारतो, याच विषयातली आहे. यादीच्या ओळीवर क्लिक केलं की ती निवडली जाते, पुन्हा क्लिक केलं की निवड जाते. ओळीत चेकबॉक्स आणि नाव, दोन्ही एका लेबलच्या आत. चौकोनावर क्लिक केलं तर बरोबर चालतं. नावावर क्लिक केलं तर काहीच होत नाही. कन्सोलमध्ये बघितलं तर हँडलर दोनदा चालतोय. मी लिसनर एकदाच लावलाय, तपासून पाहिलं.

---

सह्यकडा

@नवशिका_पुणे, लिसनर एकच आहे, क्लिकच दोन आहेत.

नावावर क्लिक केलं की पहिला क्लिक नावापासून निघतो, लेबलमधून ओळीपर्यंत जातो. तुमचा हँडलर एकदा चालला, ओळ निवडली गेली. मग लेबल आपलं मूळ काम करतं, म्हणजे आतल्या चेकबॉक्सवर स्वतः एक क्लिक घडवतं. तो क्लिकही चेकबॉक्सपासून लेबलमधून ओळीपर्यंत वर जातो. हँडलर दुसऱ्यांदा चालला, निवड गेली. चौकोनावर थेट क्लिक केलं की लेबलला काही घडवायचं नसतं, म्हणून एकच येतो. हँडलरमध्ये इव्हेंटचं टार्गेट छापा, पहिल्यांदा नाव दिसेल, दुसऱ्यांदा इनपुट.

चेकबॉक्सवर स्टॉपप्रोपगेशन लावलं तर दुसरा क्लिक अडेल आणि नाव चालायला लागेल. पण मग चौकोनावरचा क्लिकही ओळीला कळणार नाही: चौकोनात खूण, ओळ मात्र न निवडलेली. म्हणून निवड चेकबॉक्सच्या चेंज इव्हेंटवर ठेवा, कसंही क्लिक केलं तरी तो एकदाच येतो आणि कीबोर्डवरून स्पेस दाबली तरी येतो. ओळीच्या क्लिकमध्ये टार्गेट लेबल, इनपुट, बटण किंवा लिंकच्या आत असेल तर परत फिरा, नाहीतर चेकबॉक्सवर क्लिक बोलवा. तेवढ्यासाठी हँडलर पुन्हा चालेल, पण टार्गेट इनपुट असल्यामुळे लगेच परत फिरेल.

---

रानजाई

कीबोर्डचा विषय निघालाच आहे तर: ज्यांनी ओळीला टॅबइंडेक्स (टॅबने फोकस नेण्याची सोय) आणि कीडाउनही दिलाय, त्यांच्याकडे ठिपक्यांवर फोकस असताना एंटर मारला की ठिपक्यांचा कीडाउन ओळीपर्यंत जातो. क्लिक थांबवलेला असतो, कीडाउन नाही. माउसने बरोबर आणि कीबोर्डने चूक असे बग इथून येतात.

---

वरचामजला

म्हणूनच अख्ख्या कार्डाला क्लिक लावायची पद्धत मला मुळातच मान्य नाही. एचटीएमएलच्या नियमांत लिंकच्या आत बटण चालत नाही, म्हणून लोक डिव्हला क्लिक लावतात आणि मग हे सगळं निस्तरत बसतात. त्याऐवजी कार्डाच्या शीर्षकात साधी लिंक ठेवा. लिंकच्या आफ्टर स्यूडो-एलिमेंटला (सीएसएसने जोडलेल्या तुकड्याला) ॲब्सोल्यूट करून पूर्ण कार्डावर पसरवा, कार्ड रिलेटिव्ह. ठिपक्यांच्या बटणाला झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसेल तो क्रम) देऊन त्याच्यावर आणा. बूटस्ट्रॅप या सीएसएस लायब्ररीत हे स्ट्रेच्ड लिंक म्हणून तयार मिळतं. बटण लिंकच्या आत नाही, फक्त तिच्यावर दिसतंय. जावास्क्रिप्टची एकही ओळ नाही, थांबवायला काही नाही, आणि मधल्या बटणाने नव्या टॅबमध्ये उघडणं, लिंक कॉपी करणं, स्क्रीन रीडर, सगळं जसंच्या तसं चालतं. एक तोटा आहे: कार्डावरचा मजकूर माउसने निवडता येत नाही. जिथे लोक ऑर्डर क्रमांक कॉपी करतात तिथे क्रमांकालाही झेड-इंडेक्स द्यावा लागतो.

---

मधलाकंस

हे चांगलं आहे. आमच्या यादीच्या पानावर करून बघतो.

मोठ्या जुन्या कोडमध्ये कोण थांबवतंय हे कसं शोधता? आमच्याकडे नुसता शोध मारला तर लायब्रऱ्यांसकट शेकडो ठिकाणं निघतात.

---

सह्यकडा

शोध मारू नका, चालत्या पानात पकडा. कन्सोलमध्ये इव्हेंटच्या प्रोटोटाइपवरचं (सगळ्या इव्हेंटना सामाईक असलेलं) स्टॉपप्रोपगेशन एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा आणि त्या जागी आपलं फंक्शन बसवा. त्यात आधी इव्हेंटचा प्रकार आणि करंटटार्गेट छापा, मग कन्सोल ट्रेस (कुठल्या ओळीवरून बोलावलं त्याची यादी), मग मूळ फंक्शन धिसवर, म्हणजे त्याच इव्हेंटवर, कॉल करा. स्टॉपइमिजिएटप्रोपगेशनलाही तसंच, आणि कॅन्सलबबल वापरणारा जुना कोड असेल तर त्याच्या सेटरलाही. आता बिघडलेली कृती एकदा करा. कुणी, कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवरून अडवलं ते समोर येतं. ट्रेसमध्ये काहीच आलं नाही तर अडवलेलं नाही. मग बघा की तो इव्हेंट मुळात बबल होतो का. फोकस, ब्लर, माउसएंटर, माउसलीव्ह होत नाहीत. फोकससाठी फोकसइन आणि ब्लरसाठी फोकसआउट वापरा, ते होतात.